पेलेट ग्रिल: आच यंत्राची, धूर आपला

अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात माउंट एंजल नावाचं छोटं गाव आहे. तिथल्या जो ट्रेगर यांनी १९८६ मध्ये लाकडी पेलेटवर चालणाऱ्या ग्रिलचं पेटंट घेतलं. घर उबदार ठेवणाऱ्या पेलेटच्या शेगड्या तिकडे आधीपासून होत्या. तीच युक्ती स्वयंपाकाला लावली गेली. २००६ मध्ये पेटंटची मुदत संपली आणि इतर कंपन्याही या धंद्यात उतरल्या. आज तिथल्या मागच्या अंगणांत, मराठी घरांच्याही, हे यंत्र सर्रास दिसतं. ते आच फार छान सांभाळते, पण धुराची काळजी आपल्यालाच घ्यावी लागते. असं का, हे कळण्यासाठी त्याच्या पोटात डोकवायला हवं.

पेलेट म्हणजे दाबलेला भुसा. वाळवलेला भुसा पोलादी साच्याच्या भोकांतून प्रचंड दाबाने ढकलला की घर्षणाने तापतो, लाकडातलं लिग्निन मऊ होतं आणि गार होताना सगळं घट्ट बांधून ठेवतं. वेगळा गोंद लागत नाही. साधारण ६ मिलिमीटर जाडीच्या या कांड्यांमध्ये ओलावा १० टक्क्यांच्या आत असतो. एक किलो पेलेट नीट जळले, तर जवळपास ५ युनिट विजेइतकी उष्णता मिळते.

ग्रिलच्या बाजूला हॉपर असतो, म्हणजे पेलेट भरायची पेटी. तिच्या तळाशी ऑगर, म्हणजे फिरणारा लांब स्क्रू. तो कांड्या पुढे सरकवत फायरपॉटमध्ये टाकतो. फायरपॉट म्हणजे ओंजळीत मावेल एवढी, भोकं पाडलेली धातूची वाटी. तिच्यात घुसवलेली विजेची कांडी पहिली काही मिनिटं लाल होऊन पेलेट पेटवते. नंतर पंख्याच्या वाऱ्यावर जाळ चालू राहतो. वाटीवर जाड पत्रा, त्यावर चरबी ओघळून जाण्यासाठी तिरका ट्रे, आणि त्याच्याही वर जाळी. मांसाला थेट जाळ लागतच नाही, गरम हवा त्याच्याभोवती फिरत राहते. म्हणजे हे खरं तर लाकडावर चालणारं ओव्हन आहे. आत बसवलेल्या तापमापकाकडे बघून कंट्रोलर ऑगर किती वेळ फिरवायचा ते ठरवतो. जुन्या साध्या कंट्रोलरमध्ये ठरलेलं चक्र असे: १५ सेकंद चालू, मग मिनिटभर बंद. नवे कंट्रोलर दर थोड्या वेळाने हिशेब करून तापमान ठरवलेल्या आकड्याच्या अगदी जवळ ठेवतात.

अडचण इथूनच सुरू होते. पंख्याचा भरपूर वारा आणि सुकं, बारीक इंधन मिळालं की लाकूड जवळजवळ पूर्ण जळतं, आणि पूर्ण जळलेल्या लाकडाला धूर कमी. चव मात्र अर्धवट जळण्यातून येते. लिग्निन तुटलं की ग्वायाकॉल आणि सिरिंगॉल ही संयुगं बनतात. धुराचा ओळखीचा वास प्रामुख्याने त्यांचा. लाकडातले बाकीचे मुख्य घटक, सेल्युलोज आणि हेमिसेल्युलोज, तुटून कार्बोनिल संयुगं बनतात. मांसावर येणारा तांबूस-तपकिरी रंग बऱ्याच अंशी त्यांचा. ग्रिल २०० अंश सेल्सिअसवर ठेवला तर जाळ मोठा आणि स्वच्छ, धूर नावापुरता. १०५ ते ११० अंशांवर ऑगर थांबून थांबून चालतो, जाळ लहान होतो आणि धूर वाढतो. म्हणून पहिले दोन-तीन तास आच मंद ठेवावी, वाढवायची असेल तर नंतर.

धूर जास्त म्हणजे चव जास्त, असंही नाही. सुरुवातीला निघणारा दाट पांढरा धूर कडवट असतो. तो मांसावर बसला की धुतल्यानेही जात नाही. पेटवल्यावर दहा-पंधरा मिनिटं थांबा. धूर विरळ, निळसर झाला की मगच मांस ठेवा. ते थेट फ्रिजमधून काढून ठेवलेलं चांगलं: धुरातली संयुगं गार, ओलसर पृष्ठभागावर जास्त जमतात. तरीही धूर कमी वाटला तर पेलेट भरलेली भोकांची नळी एका टोकाने पेटवून जाळीवर ठेवतात. ती ग्रिलपासून स्वतंत्रपणे धुमसत राहते. चीजला धूर द्यायचा असेल तर हाच मार्ग: ग्रिल बंद, फक्त नळी पेटलेली, आणि आतलं तापमान ३० अंशांच्या खाली, नाहीतर चीज वितळतं.

आता एक नेमका पदार्थ घेऊ. डुकराच्या खांद्याचा साडेतीन किलोचा तुकडा. किलोला १२ ग्रॅम मीठ चोळून रात्रभर फ्रिजमध्ये. सकाळी मिरपूड लावून ११० अंशांवर जाळीवर, आणि तापमापकाची सळई तुकड्याच्या मधोमध, हाडाला न टेकता. एकूण दहा ते चौदा तास धरून चाला. पहिले काही तास आतलं तापमान भराभर चढतं. ६५ ते ७५ अंशांच्या दरम्यान कुठेतरी ते थांबतं, आणि तासन् तास हलत नाही. ग्रिल बिघडला असं समजून आच वाढवली जाते ती इथेच. बिघडलेलं काहीच नसतं. मांसातलं पाणी पृष्ठभागावर येऊन वाफ होत असतं आणि येणारी उष्णता त्यातच खर्च होते. घामाने अंग गार राहतं तसंच. पृष्ठभाग सुकला की तापमान पुन्हा चढू लागतं. घाई असेल तर तुकडा फॉइलमध्ये घट्ट गुंडाळा. बाष्पीभवन थांबतं आणि दोन-तीन तास वाचतात, फक्त बाहेरचा खरपूस थर थोडा मऊ पडतो.

कोंबडी आतून ७४ अंशांना पोचली की खायला सुरक्षित आणि तयार. खांदा सुरक्षित त्याच्या बराच आधी होतो, पण चावला जात नाही. त्यातलं कोलॅजन, म्हणजे स्नायूंना जोडणारं चिवट प्रथिन, विरघळून मऊ जिलेटिन व्हायला वेळ लागतो, म्हणून ९३ ते ९६ अंशांपर्यंत थांबायचं. सळई लोण्यात शिरावी तशी शिरली पाहिजे. आकड्यापेक्षा या खुणेवर भरवसा ठेवा. मग तासभर गुंडाळून ठेवा आणि हाताने उकला. कडेला दिसणारी गुलाबी रेघ म्हणजे कच्चेपणा नव्हे. जाळातला नायट्रिक ऑक्साइड आणि कार्बन मोनॉक्साइड मांसाला लाल रंग देणाऱ्या मायोग्लोबिनशी जोडला जातो आणि रंग टिकतो. त्या रेघेला चव नसते.

बहुतेक बिघाडांचं मूळ ओलावा किंवा राख. दमट हवेत पेलेट फुगतात, भुसा होऊन ऑगरमध्ये सिमेंटसारखे बसतात, आणि मग स्क्रू बाहेर काढल्याशिवाय गत्यंतर नसतं. चांगली कांडी मोडताना कट् असा आवाज येतो आणि तिला हलकी चकाकी असते. बोटांत चुरगळली तर ती पिशवी वापरू नका. ग्रिल काही दिवस वापरणार नसाल तर हॉपर रिकामा करून पेलेट घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. दर २० किलो पेलेटमागे फायरपॉटमधली राख काढा, तीही दुसऱ्या दिवशी, कारण राखेखाली निखारे तासन् तास जिवंत राहतात. राख साचली की पेटवणारी कांडी झाकली जाते, हवेची भोकं बुजतात आणि जाळ मध्येच विझतो.

मध्येच विझलेला जाळ हा सगळ्यात धोक्याचा प्रसंग. ऑगर कांड्या टाकत राहिलेला असतो आणि वाटी शिगोशीग भरलेली असते. तसंच पुन्हा पेटवलं तर तो ढीग आधी दाट धूर सोडतो आणि साचलेले वायू एकदम भडकून झाकण उडू शकतं. वीज बंद करा, ग्रिल गार होऊ द्या, जाळी-ट्रे-पत्रा काढून वाटी रिकामी करा, मगच पेटवा. ट्रेवरच्या चरबीने पेट घेतला तर झाकण बंद ठेवून प्लग काढा. पाणी अजिबात ओतू नका. रोजचं काम संपल्यावर मात्र प्लग ओढू नका, ग्रिलचं बंद करायचं चक्र पूर्ण होऊ द्या. पंखा वाटीत उरलेले पेलेट जाळून संपवतो आणि आग उलटी हॉपरकडे सरकत नाही. गॅरेज किंवा बंदिस्त बाल्कनीत हे यंत्र कधीही लावू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

आणि पेलेट खाण्याच्या पदार्थांसाठीचेच घ्या. महाराष्ट्रात बॉयलरसाठी मिळणारे बायोमास पेलेट उसाच्या चिपाडाचे, सोयाबीनच्या भुसकटाचे किंवा मिसळ भुशाचे असतात. त्यांची राख जास्त, आणि त्या भुशात रंग किंवा प्लायवूडचा गोंद आहे की नाही हे बघून कळत नाही. घर तापवायच्या पेलेटमध्ये पाइनसारखं राळेचं लाकूड असू शकतं, त्याचा धूर कडू. ओक, हिकरी, मेपल, सफरचंद, चेरी ही नावं पिशवीवर असतात, पण पुष्कळदा मूळ लाकूड ओक किंवा आल्डर असतं आणि नावाचं लाकूड थोडंसंच. पिशवीवरचा बारीक मजकूर वाचून मगच जास्तीचे पैसे मोजा.