पुरुष व्यवस्थापक आणि कामाच्या ठिकाणची लिंगभाव समानता

नोकरीत स्त्रियांना काम, वेतन आणि बढती पुरुषांच्या बरोबरीने मिळावी यासाठी अधिकारपदावरच्या पुरुषांनी करायचे प्रयत्न. समान मोलाच्या कामाला समान वेतन हे तत्त्व आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९५१ साली १०० क्रमांकाच्या कराराने मांडले. ते अमलात येते की नाही हे मात्र मोठे काम कोणाकडे सोपवले, वार्षिक मूल्यमापनात काय शेरा मारला, बढतीच्या बैठकीत कोणाचे नाव निघाले, यावर ठरते. आणि बहुतेक देशांत हे ठरवणाऱ्यांत आजही पुरुषच अधिक आहेत.

पक्षपात पुष्कळदा उघड द्वेषातून नव्हे, तर सलगीतून होतो. झोई कलन आणि रिकार्डो पेरेझ-ट्रुलिया या अर्थशास्त्रज्ञांनी आशियातील एका बँकेच्या नोंदी तपासल्या. पुरुष वरिष्ठाच्या हाताखाली आलेल्या पुरुषांना लवकर बढती मिळत होती, पण त्यांचे काम त्या मानाने सुधारलेले नव्हते. बरोबरीने सिगारेट ओढायला जाण्यातून जुळलेल्या मैत्रीचाही त्यात हात होता. म्हणून आपली ऊठबस कोणाशी आहे, आणि इतिवृत्त लिहिणे, निरोपसमारंभ आखणे अशी बिनश्रेयाची कामे न सांगता कोणाच्या गळ्यात पडतात, हे व्यवस्थापकाने आधी पाहावे. स्त्रियांना सल्ला देणारे वरिष्ठ भेटतात. पण त्या स्वतः बैठकीत नसताना त्यांच्यासाठी शब्द टाकणारे विरळ.

वरिष्ठाच्या स्वतःच्या वागण्याने किती फरक पडतो याचा सर्वांत बोलका पुरावा नॉर्वेचा आहे. तेथे १९९३ मध्ये पालकत्व रजेतील चार आठवडे केवळ वडिलांसाठी राखून ठेवले गेले. एका सहकाऱ्याने रजा घेतली की इतर वडीलही ती घेऊ लागले. गॉर्डन डाल, कात्रीन लोकेन आणि मान्ये मोगस्ताद यांच्या २०१४ च्या अभ्यासानुसार, रजा घेणारा वरिष्ठ व्यवस्थापक असेल तर हा परिणाम अडीच पटींहून अधिक होता. नियम सर्वांना सारखाच होता. साहेबांनीच रजा घेतल्यावर नोकरीत मागे पडण्याची धास्ती ओसरली.

ऑस्ट्रेलियात लिंगभेदविषयक आयुक्त एलिझाबेथ ब्रॉडरिक यांनी २०१० मध्ये उद्योगप्रमुखांचा ‘मेल चॅम्पियन्स ऑफ चेंज’ (बदलाचे पुरुष पुरस्कर्ते) हा गट उभारला. वक्त्यांत स्त्रिया नसतील तर त्या परिसंवादात बोलायचे नाही, अशी प्रतिज्ञा त्याने पुढे आणली. अशा उपक्रमांत पुरुष तारणहार ठरतात आणि वर्षानुवर्षे झगडणाऱ्या स्त्रिया झाकोळतात, हा आक्षेप घेतला जातो आणि तो रास्त आहे. पुढे गटाच्या नावातला ‘मेल’ हा शब्द गळला.