बॉनेटचं पॅड वेगळं, डॅम्पिंग शीट वेगळी

मागच्या पावसाळ्यात गाडी पंधरा दिवस सोसायटीच्या पार्किंगमध्ये एकाच जागी उभी होती. नंतर वॉशरचं पाणी भरायला बॉनेट उघडलं, तर वरच्या काळ्या पॅडला जेवणाच्या ताटाएवढं भगदाड, आणि त्यातून उपसलेल्या तंतूंचं छान गोल घरटं बॅटरीच्या कडेला. उंदरांनी वायरी सोडल्या होत्या, एवढंच नशीब.

ॲक्सेसरीच्या दुकानात गेलो. नवीन पॅड मागितलं, तर दुकानदार म्हणाला, "पॅड कशाला लावताय साहेब? परत उंदीर खाणार. ही शीट लावा. हीट पण नाही, साउंड पण नाही." रुपेरी, चकचकीत, हाताला जड अशी डॅम्पिंग शीट. पोरानं फाटकं पॅड काढून बॉनेटचा पत्रा आतून पुसला, शीटचे तुकडे कापून चिकटवले आणि रोलर फिरवला. तासाभरात बॉनेट आतून चांदीच्या वर्खासारखं दिसायला लागलं. निघताना मी बॉनेट आपटून बंद केलं. आधी 'धडाम' व्हायचं, आता 'धप्प' झालं. मी खूश. सिग्नलला उभं राहिल्यावर लक्षात आलं की डिझेलची टकटक आहे तिथंच आहे, किंबहुना जरा उघडीच पडली आहे.

शीटनं मला फसवलं नव्हतं. तिचं काम तिनं चोख केलं होतं, फक्त मला हवं होतं ते काम वेगळं होतं.

बॉनेटखाली कंपनीकडून येतं ते पॅड म्हणजे तंतूंची दाबलेली गादी. आत काचतंतू किंवा पॉलिस्टर, बाहेरून काळ्या न विणलेल्या कापडाचं अस्तर, कडा दाबून बंद केलेल्या, आणि प्लॅस्टिकच्या क्लिपांनी पत्र्याला टांगलेलं. जाडी साधारण एक-दोन सेंटिमीटर, वजन अगदी मामुली. ती हलकी, पोकळ आणि सच्छिद्र असते, आणि तशीच असावी लागते. नव्या फ्लॅटचा ताबा घेतल्यावर रिकाम्या हॉलमध्ये बोललं की आवाज घुमतो. गाद्या, पडदे, सोफा आला की तोच हॉल शांत होतो. इंजिनाचा कप्पा हा असाच रिकामा हॉल आहे, चारी बाजूंनी पत्र्याचा. इंधन फवारणाऱ्या इंजेक्टरची टिकटिक, डिझेलची खडखड, बेल्टची किरकिर पत्र्यांवर आपटून परत परत फिरत राहते. पॅडच्या तंतूंमधून हवा मागेपुढे सरकते तेव्हा ती घासली जाते, आणि आवाजाची ऊर्जा तिथेच उष्णता होऊन मुरते.

पण ही गादी सगळे आवाज सारखे खात नाही. चार सिलिंडरच्या फोर-स्ट्रोक इंजिनात क्रँकच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या, प्रत्येक फेऱ्याला दोन स्फोट होतात. ३००० आरपीएमला (मिनिटाला ३००० फेरे) सेकंदाला ५० फेरे, म्हणजे १०० स्फोट. आपल्याला इंजिनाची घरघर म्हणून ऐकू येतो तो मुख्यतः हा १०० हर्ट्झचा सूर. आवाज हवेत सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, म्हणून या सुराची एक लाट ३.४ मीटर लांब पडते. तंतूंचा थर लाटेच्या पावपट जाड असेल तर शोषण उत्तम, असा ढोबळ हिशेब आहे. तो लावला तर घरघर थांबवायला ८५ सेंटिमीटरची गादी हवी! बॉनेटच काय, दिवाण लागेल. उलट ३००० हर्ट्झच्या खडखडीची लाट जेमतेम ११ सेंटिमीटरची. तिथे दीड-दोन सेंटिमीटरचं पॅड मन लावून काम करतं. म्हणून पॅड काढलं की गाडी मोठ्यानं घुमते असं वाटत नाही, ती कर्कश वाटते. माझ्या सिग्नलवरच्या अनुभवाचा उलगडा एवढाच.

डॅम्पिंग शीटचा हवेशी काही संबंध नाही. तिचा कारभार पत्र्याशी. स्टीलचं ताट फरशीवर पडलं की झणझणतं, आणि बोट टेकवलं की गप्प होतं. शीट म्हणजे पत्र्यावर कायमचं टेकवलेलं बोट. खाली ब्यूटिल रबराचा चिकट थर, वर ॲल्युमिनियमचा फॉइल. पत्रा थरथरतो तेव्हा खालचा रबर त्याच्याबरोबर ओढला जातो, वरचा फॉइल सहजी ताणला जात नाही. या ओढाताणीत मधला रबर पिळला जातो आणि थरथरीचं बळ त्यात जिरतं. म्हणून तिला पत्र्याशी घट्ट चिकटावं लागतं. हवेचा बुडबुडा राहिला तर तेवढ्या जागेपुरती ती निकामी. पोरगा रोलर फिरवत होता तो उगाच नव्हे.

ही शीट दाराच्या बाहेरच्या पत्र्यावर, डिकीच्या फरशीवर, चाकांवरच्या कमानींवर जीव तोडून काम करते. मोठा, सपाट, पातळ पत्रा, जो खडीवर वाजतो आणि स्पीकर लावला की कापतो, तिथे तिचं राज्य. तिथेही संपूर्ण पत्रा झाकायची गरज नसते. मधल्या मोकळ्या भागाचा पाव ते निम्मा हिस्सा झाकला तरी बहुतेक काम होतं. बाकीची शीट दुकानदाराच्या फायद्याची. बॉनेटचा पत्रा तसा कमीच वाजतो, कारण त्याला आतून सांगाडा असतो आणि कंपनीनं दोघांमध्ये चिकट गोंदाचे ठिपके दिलेले असतात. मोकळ्या भागावर बोटांनी टकटक करून बघा. बहुतेक गाड्यांत आधीच 'ठप' ऐकू येतं.

मग दोन्हींची गल्लत का होते? मला वाटतं, सगळा घोळ त्या चकाकीचा आहे. काही गाड्यांच्या पॅडलाही इंजिनाच्या बाजूनं ॲल्युमिनियमचा पापुद्रा असतो, विशेषतः टर्बो किंवा एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या (इंजिनातला तापलेला धूर गोळा करणाऱ्या नळांच्या) वर. तिथे तो आरशाचं काम करतो, तापलेल्या लोखंडाची झळ परत खाली फेकतो. त्याच्यामागे तंतूंमध्ये अडकलेली हवा असल्यामुळे उरलेली उष्णताही पत्र्यापर्यंत सावकाश पोचते. डॅम्पिंग शीटचा फॉइल मात्र रबराला धरून ठेवणारा पट्टा आहे, आरसा नव्हे. झळ थोडी परततेही, धूळ आणि तेलाचा थर बसेपर्यंत. पण जी आत शिरते तिला अडवायला मागे हवा नाही, दोन मिलिमीटर रबर आहे आणि लगेच पत्रा. घाट चढून आल्यावर इंजिन बंद केलं की कप्प्यातला वारा थांबतो आणि आतली उष्णता काही मिनिटं उलट वाढते. तेव्हा बॉनेटच्या रंगाला खरं संरक्षण देतं ते पॅड.

पॅडमुळे इंजिन तापतं, अशी एक तक्रार नेहमी ऐकू येते, आणि ते काढून टाका असा सल्लाही. इंजिन थंड ठेवायचं काम रेडिएटर, कूलंट आणि पंखा करतात. बॉनेटच्या पत्र्यातून जाणारी उष्णता त्या हिशेबात किरकोळ. तापमानाचा काटा वर जात असेल तर कूलंट तपासा, बिचाऱ्या पॅडला हात लावू नका.

वजनाचा मुद्दा दुकानात कोणी काढत नाही. दोन मिलिमीटरची ब्यूटिल शीट चौरस मीटरला तीन किलोच्या वर भरते. बॉनेट हातानं उचलून दांडीवर टेकवायचं असेल तर ठीक, पण बॉनेट तोलून धरणाऱ्या गॅसच्या दांड्या असतील तर त्या मूळ वजनाच्या हिशेबानं दिलेल्या असतात. जुन्या झाल्या की बॉनेट डोक्यावर येतं. शिवाय शीट लावताना सांगाड्याची भोकं आणि कडा बुजवल्या तर आत गेलेलं पाणी बाहेर पडत नाही आणि गंज धरतो. स्वस्तातल्या शीटमध्ये तर ब्यूटिलऐवजी डांबर असतं. मे महिन्यात गडद रंगाच्या बॉनेटचा पत्रा नुसत्या उन्हानं हात टेकवता येणार नाही इतका तापतो. त्यात खालून इंजिन. डांबर मऊ होतं, वास मारतं आणि ओघळतं.

याहून वाईट एक प्रकार पाहिला आहे: गोडाऊनच्या पत्र्याखाली लावतात तो रुपेरी फोम कापून बॉनेटला चिकटवलेला. तो फोम पॉलिथिनचा असतो. साधारण ११० अंशांना वितळणारी वस्तू मॅनिफोल्डच्या डोक्यावर टांगायची म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको.

आगीवरून आठवलं. बॉनेटचं पॅड हे मुळात आग विझवायचं साधन आहे, क्लिपा वितळून ते इंजिनावर पडतं आणि आग घुसमटवतं, असं कित्येकजण छातीठोकपणे सांगतात. त्यात तथ्याचा अंश आहे. पॅडचं साहित्य सहज पेट न घेणारं असतं, क्लिपा प्लॅस्टिकच्या असतात, आणि पडलेलं पॅड ज्वाळा थोडा वेळ दाबूही शकतं. पण त्याच्या भरवशावर राहू नये, आणि तेच त्याचं मुख्य काम असं तर म्हणूच नये. पेट्रोल किंवा तेल गळत असेल तर गादी काय करणार? उलट वर्षानुवर्षं तेलाचे शिंतोडे प्यालेलं पॅड दिव्याच्या वातीसारखं वागतं. बॉनेटमधून धूर येताना दिसला तर इंजिन बंद करून सगळ्यांना उतरवा, लांब जा, अग्निशामक दलाला फोन करा, आणि बॉनेट सताड उघडू नका. आगीला हवा आपणच देतो.

आता एक कबुली द्यायला हवी. केबिनमध्ये आवाज कमी करायचा असेल तर या दोघांपैकी कोणीही मुख्य नट नाही. आवाजाचा मोठा हिस्सा डॅशबोर्डमागच्या फायरवॉलमधून, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या भिंतीतून, आणि इंजिन ज्या रबरी आधारांवर बसतं त्या इंजिन माउंटिंगमधून आत येतो. बॉनेटचं पॅड बाहेर उभ्या माणसाला गाडी सौम्य ऐकवतं आणि काचेवरून येणारी खडखड थोडी कमी करतं. माउंटिंगचा रबर बसला असेल तर बॉनेटला सोन्याचा पत्रा लावला तरी स्टिअरिंग थरथरणारच. आपल्याकडे एकाच मॉडेलच्या डिझेलला पॅड आणि पेट्रोलला नुसता रंगवलेला पत्रा, असं बऱ्याचदा दिसतं, ते याच हिशेबानं. जिथे खडखड जास्त, तिथे खर्च. त्यामुळे तुमच्या पेट्रोल हॅचबॅकला पॅड नसेल तर कोणी चोरलेलं नाही.

असेल तर मात्र सहा महिन्यांतून एकदा हात फिरवून बघा. मधून लोंबतंय का, क्लिप गळाली आहे का, तेलानं चिकट झालंय का. लोंबलेलं पॅड बेल्टला किंवा मॅनिफोल्डला टेकतं. इंजिन प्रेशरच्या पाण्यानं धुणाऱ्यांना पॅडवर फवारा मारू देऊ नका, ते स्पंजासारखं पाणी पितं आणि भिजून खाली येतं. नवीन पॅड आपल्याच मॉडेलचं घ्या, भोकं जुळतात. क्लिपा मात्र दोन-चार जास्तीच्या घ्या, काढताना निम्म्या तुटतातच.

मी शेवटी तेच केलं. शीट खरवडायच्या फंदात पडलो नाही, ब्यूटिल सुटता सुटत नाही. शीटचे तुकडे क्लिपांच्या भोकांवर आलेले तेवढे कापले आणि वर पॅड टांगलं. टकटक पुन्हा पडद्याआड गेली. दुकानदारानं माझ्याकडून पूर्ण पाकिटाचे पैसे घेतले होते, त्यातल्या दोन शीट उरल्या होत्या. त्या मागच्या दारांत लावल्या. ती दारं आता इतकी जडशीळ 'धप्प' लागतात की पुढची दोन त्यांच्यापुढे पत्र्याच्या डब्यासारखी वाजतात.