छातीच्या शस्त्रक्रियेतील मज्जासंस्थेची गुंतागुंत

फुप्फुस, अन्ननलिका, महारोहिणी अशा छातीतील अवयवांवर शस्त्रक्रिया करताना किंवा त्यानंतर मेंदू, मज्जारज्जू अथवा मज्जातंतू यांना पोहोचणाऱ्या इजा या संज्ञेत मोडतात. रुग्ण भुलीखाली असल्याने इजा घडते तेव्हा सहसा कळत नाही. तो शुद्धीवर आल्यावर आवाज बसलेला किंवा पायांतली शक्ती गेलेली आढळते, तेव्हा तिचा माग लागतो.

स्वरयंत्राकडे परतणारा डावा मज्जातंतू महारोहिणीच्या कमानीखालून वळसा घालून वर जातो, म्हणून त्या भागातील लसीकाग्रंथी काढताना तो सहज दुखावतो. घोगरा आवाज हे त्याचे ठळक लक्षण असले, तरी खरा धोका खोकल्याचा जोर जाण्यात आहे, कारण मग लाळ व अन्न श्वासमार्गात उतरून न्यूमोनिया होऊ शकतो. श्वासपटलाचा मज्जातंतू फुप्फुसाच्या मुळापुढून जातो. तो निकामी झाल्यास त्या बाजूचे श्वासपटल वर सरकते. बरगड्या फाकवताना त्यांमधील मज्जातंतू चेपले जाऊन व्रणालगत 2 महिन्यांहून अधिक काळ वेदना राहू शकते. या वेदनेने जीव जात नाही, म्हणूनच बहुधा तिच्याकडे दुर्लक्ष होते. टेबलावर हात चुकीच्या रीतीने ताणला गेल्यास खांद्याजवळील मज्जातंतूंचे जाळेही दुखावते.

सर्वांत भीषण इजा मज्जारज्जूची. त्याच्या खालच्या भागाला मुख्यतः रक्त पुरवणारी रोहिणी अल्बर्ट अ‍ॅडमकीविच यांच्या नावाने ओळखली जाते. ती बहुतेकांमध्ये डावीकडे, छातीच्या नवव्या ते बाराव्या मणक्यांदरम्यान शिरते, पण तिची जागा व्यक्तीगणिक बदलते. महारोहिणीचा उतरता भाग चिमट्याने बंद केल्यावर हा पुरवठा तुटला, तर दोन्ही पाय लुळे पडतात; वेदना व तापमान यांची जाणीव जाते, मात्र कंपनाची जाणीव अनेकदा टिकते. लक्षणे काही तासांनी किंवा दिवसांनीही उद्भवतात. तेव्हा रक्तदाब वाढवून आणि मज्जारज्जूभोवतीचा द्रव (मेरुद्रव) थोडा काढून मज्जारज्जूकडे जाणारे रक्त वाढवले, तर शक्ती परत येऊ शकते. रक्तस्राव थांबवण्यासाठी बरगडी व मणक्याच्या सांध्याजवळ ठेवलेली विरघळणारी जाळी पाठीच्या कण्यात सरकून मज्जारज्जू दाबला गेल्याच्याही नोंदी आहेत.

मेंदूचा रक्तपुरवठा तुटून होणारा पक्षाघात तुलनेने विरळ असतो. हृदयाच्या वरच्या कप्प्यांची लय बिघडून तयार झालेली गुठळी हे त्याचे परिचित कारण. डाव्या फुप्फुसाचा वरचा खंड काढल्यावर मात्र फुप्फुसातून हृदयाकडे रक्त नेणाऱ्या नीलेच्या मागे उरलेल्या लांब थोटक्यात रक्त साकळते आणि तेथून सुटलेली गुठळी थेट मेंदूत पोहोचू शकते.