बीगलबोन ब्लॅकवर स्वतःचं लिनक्स: बूट कुठे अडतं आणि का

बीगलबोन ब्लॅक हे २०१३ साली बाजारात आलेलं, क्रेडिट कार्डाएवढं बोर्ड. त्यावर टेक्सस इन्स्ट्रुमेंट्सचा १ गिगाहर्ट्झचा एएम३३५८ प्रोसेसर, ५१२ एमबी रॅम आणि आवृत्तीनुसार २ किंवा ४ जीबी ईएमएमसी, म्हणजे बोर्डावरच सोल्डर केलेली फ्लॅश मेमरी असते. तयार डेबियन (लिनक्सची एक पूर्ण, प्रचलित आवृत्ती) त्यावर छान चालतं. पण बोर्ड एखाद्या यंत्रात बसवायचं असेल, तर तेवढा पसारा नको असतो. गरजेपुरतेच प्रोग्रॅम असलेली सिस्टीम बांधायला बिल्डरूट हे साधन पुरतं. योक्टो हे त्याच कामाचं दुसरं साधन जास्त ताकदीचं आहे, पण पहिल्याच खेपेला त्याच्या वाटेला जाऊ नये.

सगळ्यात आधी ३.३ व्होल्टची यूएसबी-सिरियल केबल घ्या. सुरुवातीचे टप्पे काय बोलतात ते एचडीएमआयवर दिसत नाही, त्यामुळे केबल नसेल तर नुसते निळे दिवे बघत बसावं लागतं. बोर्डावरच्या सहा पिनांच्या जे१ हेडरमध्ये पहिली पिन ग्राउंड, चौथी बोर्डाची आरएक्स (डेटा घेणारी), पाचवी टीएक्स (डेटा पाठवणारी). केबलची टीएक्स चौथीला आणि आरएक्स पाचवीला जोडा. ५ व्होल्टच्या पातळीची केबल अजिबात लावू नका, प्रोसेसरच्या पिना ते सोसत नाहीत. वेग १,१५,२०० बॉड ठेवा. मिनिकॉममध्ये (लॅपटॉपवर सिरियलचा संवाद दाखवणारा प्रोग्रॅम) हार्डवेअर फ्लो कंट्रोल चालू राहिला, तर अक्षरं दिसतात पण टाइप केलेलं बोर्डापर्यंत पोचत नाही. वीज ५ व्होल्ट, निदान १ अँपियर. राउटरच्या १२ व्होल्टवाल्या अडॅप्टरची पिनही त्याच जॅकमध्ये बसू शकते, तेव्हा लेबल वाचूनच लावा.

आता बांधणी. बिल्डरूटच्या फोल्डरमध्ये ‘मेक बीगलबोन_डिफकॉन्फिग’, हवी ती पॅकेजेस निवडायला ‘मेक मेनूकॉन्फिग’ आणि शेवटी नुसतं ‘मेक’. डिस्कवर १०-१५ जीबी जागा मोकळी असू द्या. सुडो वापरायचं कारण नाही. पहिल्या वेळी क्रॉस-कंपायलरसुद्धा (लॅपटॉपवर बसून बोर्डासाठीचे प्रोग्रॅम बांधणारा) बांधला जात असेल, तर जुन्या लॅपटॉपवर दोनेक तास सहज जातात. विंडोजच्या डब्ल्यूएसएलमध्ये (विंडोजमध्येच लिनक्स चालवायची सोय) बांधणी सुरू होताच थांबते, कारण विंडोजकडून आलेल्या पाथमध्ये (प्रोग्रॅम शोधायच्या फोल्डरांची यादी) मोकळ्या जागा असतात आणि बिल्डरूटला त्या चालत नाहीत. आणखी एक नेहमीचा घोळ: मेनूतून पॅकेज काढून टाकलं तरी त्याच्या फाइली इमेजमध्ये, म्हणजे कार्डावर लिहायच्या तयार फाइलमध्ये, राहतातच. त्या घालवायच्या तर ‘मेक क्लीन’ करून सगळं पुन्हा बांधायचं.

आउटपुटच्या इमेजेस फोल्डरमध्ये एसडीकार्ड.आयएमजी ही फाइल तयार होते. ‘एलएसबीएलके’ ही कमांड चालवून लॅपटॉपला लावलेल्या एसडी कार्डाचं नाव आकारावरून ओळखा आणि मगच ‘डीडी’ या कमांडने इमेज लिहा. पार्टिशनवर नाही, अख्ख्या कार्डावर. नाव चुकलं तर डीडी काही न विचारता लॅपटॉपची डिस्क पुसतं. सोबत ‘कॉन्व्ह=एफसिंक’ द्या, नाहीतर सगळा डेटा कार्डावर उतरण्याआधीच प्रॉम्प्ट परत येतो आणि कार्ड घाईने उपसलं जातं.

वीज दिल्यावर प्रोसेसरमध्ये कायमचा कोरलेला रॉम कोड एमएलओ नावाची फाइल शोधतो. या क्षणी बाहेरची रॅम चालू झालेली नसते. एमएलओला चिपच्या आतल्या मेमरीतच मावावं लागतं, आणि तिथे १०९ केबीच जागा मिळते. म्हणून बूटलोडरचे, म्हणजे लिनक्स सुरू करून देणाऱ्या प्रोग्रॅमचे, दोन तुकडे केलेले असतात: एमएलओ रॅम जागी करतो आणि मग मोठं यू-बूट तिथे आणतो. यू-बूट कर्नल (लिनक्सचा गाभा) आणि डीटीबी फाइल रॅममध्ये ठेवून कर्नलकडे ताबा देतं. कुठल्या पत्त्यावर काय जोडलं आहे, हे कर्नलला या डीटीबीतूनच कळतं.

कुठे अडलं ते सिरियलवरची शेवटची ओळ सांगते. नुसती ‘सीसीसीसी’ अशी रांग येत असेल, तर रॉमला एमएलओ कुठेच सापडलेला नाही आणि तो आता सिरियलवरून फाइल मागतो आहे. ‘स्टार्टिंग कर्नल’नंतर शांतता असेल, तर बहुतेक वेळा चुकीची डीटीबी किंवा चुकीचा कन्सोल, म्हणजे कर्नलने संदेश पाठवायचा पोर्ट. जुन्या कर्नलमध्ये सिरियल पोर्टचं नाव टीटीवायओ०, नव्यात टीटीवायएस०. रूट फाइलसिस्टीम माउंट होत नाही म्हणून कर्नल पॅनिक (कर्नलने हात टेकून थांबणं) आला, तर कर्नलच्या पॅरामीटरमध्ये ‘रूटवेट’ आहे का बघा. कार्ड ओळखायला थोडा वेळ लागतो, आणि हा शब्द नसेल तर कर्नल तेवढं थांबत नाही.

सगळ्यात जास्त वेळ खाणारी गोष्ट मात्र वेगळीच. रॉम आधी ईएमएमसी पाहतो, मग एसडी कार्ड. ईएमएमसीत जुना एमएलओ असेल तर तोच चालतो, त्याच्यामागून जुनं यू-बूट येतं, आणि ते कार्डावरचं नवं कर्नल उचलू शकतं. मग ‘यू-बूटमध्ये बदल केला, पण दिसतच नाही’ अशी अवस्था. यू-बूट पहिल्याच ओळीत स्वतःच्या बांधणीची तारीख छापतं, ती वाचा. कार्डावरूनच बूट करायचं तर एस२ बटण दाबून धरून वीज द्या. रीसेटचं बटण इथे कामाचं नाही, कारण एस२ची स्थिती वीज येतानाच नोंदली जाते.

कार्डावर सगळं नीट चालू लागलं, की बोर्डावरच्या लिनक्समधून तीच इमेज ईएमएमसीवर लिहिता येते. ज्या डिव्हाइसच्या नावामागे ‘बूट०’ आणि ‘बूट१’ अशी जोड दिसते ती ईएमएमसी. एसडी कार्डाला हे भाग नसतात. लिहून झाल्यावर ईएमएमसीवरच्या बूट सेटिंगमधला ‘रूट=’ तपासा. तो एमएमसीबीएलके०पी२ (शून्य क्रमांकाच्या डिव्हाइसचं दुसरं पार्टिशन) असाच राहिला आणि कार्ड खाचेत असेल, तर बोर्ड ईएमएमसीवरून सुरू होऊन फाइलसिस्टीम मात्र कार्डावरची वापरतं, आणि फ्लॅशिंग जमल्यासारखं वाटतं. म्हणून वीज बंद करा, कार्ड बाहेर काढा आणि मगच तपासणी करा. नव्या कर्नलवर रूट चुकलेला असेल तर ‘वेटिंग फॉर रूट डिव्हाइस’ ही ओळ येऊन बोर्ड तिथेच थांबतं. तेव्हा त्या नावातल्या शून्याच्या जागी एक करायचा. ३.८ सारख्या जुन्या कर्नलमध्ये कार्ड काढलं की ईएमएमसीलाच शून्य क्रमांक मिळतो, तिथे हा बदल करू नका.