सातपेडी वेणीची हॅट

घरच्या घरी हॅट करायला शिकायचं असेल तर काडाच्या, म्हणजे गव्हासारख्या धान्याच्या वाळल्या देठांच्या, हॅटपासून सुरुवात करावी, असं माझं मत. फेल्टची, म्हणजे दाबून घट्ट केलेल्या लोकरीची, हॅट करायची तर लाकडी साचा, वाफ, खळ असा सगळा सरंजाम लागतो. काडाच्या हॅटला भिजवलेलं काड, सुई-दोरा आणि बैठक एवढं पुरतं: काडाची लांब वेणी घालायची आणि ती गोल फिरवत शिवायची. ही विद्या कारखान्यात जन्मलेली नाही. ती चुलीशेजारी, ओसरीवर, बायकामुलांच्या हातात वाढली.

इटलीत टस्कनी भागात केवळ हॅटसाठी बारीक काडाचा गहू दाट पेरत आणि दाणा पुरता भरायच्या आत उपटत. तिथला माल लिव्होर्नो बंदरातून युरोपभर जाई. इंग्लंडमध्ये ल्यूटन आणि डन्स्टेबल ही या धंद्याची गावं. तिथल्या गव्हाचं काड जाड, म्हणून ते उभं चिरून त्याच्या पट्ट्यांची वेणी घालावी लागे. त्यासाठी १८००च्या सुमारास पात्यांचं छोटं हत्यार आलं. नेपोलियनच्या युद्धांनी इटलीची आवक अडली, तेव्हा ल्यूटनचं नशीब उघडलं. तिथल्या फुटबॉल क्लबला आजही ‘हॅटर्स’, म्हणजे हॅटवाले, म्हणतात. या भरभराटीला एक दुखरी बाजूही आहे. तीन-चार वर्षांची पोरं ‘शाळेत’ जात आणि तिथे अक्षरं थोडी, वेणीच जास्त घालत.

मला मात्र या इतिहासात सगळ्यात जवळची वाटते ती बेट्सी मेटकाफ. १७९८ साली अमेरिकेतल्या प्रॉव्हिडन्समध्ये या बारा वर्षांच्या मुलीला दुकानात विलायती बॉनेट, म्हणजे हनुवटीखाली बांधायची बायकांची हॅट, दिसलं आणि आपणही तसं करावं, असं तिच्या मनाने घेतलं. शिकवणारं कोणी नव्हतं. तिने ओटचं काड घेतलं, कात्रीने दाबून चपटं केलं, अंगठ्याच्या नखाने चिरलं. सात पेडांची वेणी, मध्ये जाळीसारखी दोरी, आतून गुलाबी सॅटिनचं अस्तर, असं तिचं बॉनेट झालं. ज्याने ओलसर काडी नखाने चिरून पाहिली आहे, त्यालाच याचं मोल कळेल. चीर सरळ जातच नाही, दोन-चार बोटांवर बाजूला पळते. आणि सातातला एक पेड जरी जाड राहिला, तरी सगळी वेणी एकीकडे वळू लागते.

पुढे बेट्सीने आसपासच्या मुलीबायकांनाही हे शिकवलं. पेटंट घे, असं लोक सांगत होते. पण आपलं नाव काँग्रेसकडे, म्हणजे अमेरिकेच्या संसदेकडे, जावं अशी तिची इच्छा नव्हती. १८०७ च्या अमेरिकी व्यापारबंदीने परदेशी माल थांबला आणि न्यू इंग्लंडच्या, म्हणजे अमेरिकेच्या ईशान्य भागातल्या, घराघरांत काड शिरलं. ५ मे १८०९ रोजी कनेटिकटच्या मेरी कीस यांना काडात रेशीम किंवा दोरा विणण्याच्या पद्धतीचं पेटंट मिळालं. त्या काळी हे पाऊल टाकणाऱ्या बायका किती थोड्या होत्या, हे ध्यानात घ्यायला हवं.

१८७० नंतर चीनमधून, मग जपानमधून स्वस्त तयार वेणी ल्यूटनला येऊ लागली. वेणी घालणाऱ्या बायकांची कमाई पडली, तिथली घरगुती विद्या विरत गेली, हॅट शिवण्याचं काम तेवढं राहिलं. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लोकांनी रोज हॅट घालणंच सोडलं, तसं तेही आटलं.

हौशी माणूस आज बहुतेक वेळा तयार वेणीची लडी घेऊन बसतो, पण शिवायची रीत जुनीच आहे. माथ्याच्या मधोमध वेणीची छोटी चकती वळवायची, तिथून गोल फिरत जायचं, प्रत्येक फेरा आधीच्या फेऱ्यावर थोडा चढवायचा. बाजू खाली उतरवायच्या तेव्हा वेणी ओढून धरायची, कड पसरवायची तेव्हा सैल सोडायची. किती ओढायची, किती सोडायची, हे दर दोन-तीन फेऱ्यांनी हॅट स्वतःच्या डोक्यावर घालून बघत ठरवायचं.