सॉल्ट लेक टेम्पल : ४० वर्षे चाललेल्या बांधकामाची पार्श्वभूमी

अमेरिकेतील यूटा राज्याची राजधानी असलेल्या सॉल्ट लेक सिटीच्या मध्यभागी करड्या दगडाचे, सहा मनोऱ्यांचे एक भव्य मंदिर आहे. शहरातील रस्त्यांचे क्रमांक या मंदिराच्या चौकापासून मोजले जातात, म्हणजे शहराची आखणीच मंदिराला मध्य धरून झालेली आहे. मॉर्मन पंथ या नावाने परिचित असलेल्या ‘चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स’ या संस्थेची ही सर्वांत प्रसिद्ध वास्तू होय. ६ एप्रिल १८५३ रोजी तिच्या कोनशिला बसवण्यात आल्या आणि ६ एप्रिल १८९३ रोजी तिचे समर्पण झाले. या ४० वर्षांत बांधकामाचा दगड बदलला, पायाचा काही भाग उकलून पुन्हा रचावा लागला, मुख्य वास्तुकार बदलले, आतल्या दालनांची मूळ कल्पना मागे पडली आणि हे मंदिर बांधणाऱ्या समाजाचे अमेरिकी सरकारशी असलेले नातेही पार पालटले. त्यामुळे या वास्तूचा इतिहास सांगताना त्या समाजाचा इतिहास बाजूला ठेवता येत नाही.

जोसेफ स्मिथ यांनी १८३० मध्ये न्यूयॉर्क राज्यात या पंथाची स्थापना केली. पंथाचे पहिले मंदिर ओहायो राज्यातील कर्टलंड येथे १८३६ मध्ये पूर्ण झाले, परंतु कर्ज, अंतर्गत फूट आणि शेजाऱ्यांचे वैर यांमुळे अनुयायांना लवकरच ते गाव सोडावे लागले. पुढे मिझुरीतूनही त्यांची हकालपट्टी झाली आणि इलिनॉयमध्ये मिसिसिपी नदीच्या काठी नॉवू नावाचे नगर त्यांनी वसवले. तेथील मंदिराचे काम चालू असतानाच २७ जून १८४४ रोजी कार्थेज येथील तुरुंगात जमावाने स्मिथ यांची हत्या केली. तरीही अनुयायांनी ते मंदिर तडीस नेले आणि १८४६ मध्ये ते पूर्ण होत असतानाच नगर सोडले. मागे राहिलेले मंदिर १८४८ मध्ये जाळण्यात आले आणि उरलेल्या भिंती १८५० च्या वावटळीत कोसळल्या. दोन मंदिरे उभारून दोन्ही गमावल्याची ही आठवण ताजी होती, म्हणूनच सॉल्ट लेकच्या मंदिराच्या भिंती तळाशी ९ फूट जाडीच्या का बांधल्या गेल्या हे समजू शकते.

स्मिथ यांच्यानंतर नेतृत्व हाती घेतलेले ब्रिगहॅम यंग २४ जुलै १८४७ रोजी सॉल्ट लेकच्या खोऱ्यात पोहोचले आणि अवघ्या चार दिवसांनी, २८ जुलैला, त्यांनी मंदिराची जागा नक्की केली. हा प्रदेश तेव्हा कागदोपत्री मेक्सिकोचा होता आणि प्रत्यक्षात यूट व शोशोनी या मूळ रहिवाशांच्या वावराचा होता. पुढच्याच वर्षी तो तहान्वये अमेरिकेकडे गेला. ज्या सरकारपासून दूर जायचे म्हणून या लोकांनी हजार मैलांहून अधिक प्रवास केला, त्याच सरकारच्या हद्दीत ते पुन्हा आले. मंदिराच्या बांधकामातील बहुतेक मोठ्या अडथळ्यांचे मूळ या घटनेत आहे.

वास्तुकार म्हणून ट्रूमन एंजेल यांची नेमणूक झाली. ते यंग यांचे मेहुणे होते आणि मूळचे सुतार. कर्टलंड व नॉवू या दोन्ही मंदिरांवर त्यांनी काम केले होते, परंतु वास्तुकलेचे रीतसर शिक्षण त्यांना मिळालेले नव्हते. मंदिराच्या पूर्वेला तीन आणि पश्चिमेला तीन मनोरे असावेत ही कल्पना यंग यांची होती आणि ती कागदावर उतरवण्याचे काम एंजेल यांचे. इमारतींचा अभ्यास करण्यासाठी १८५६ मध्ये एंजेल यांना युरोपात पाठवण्यात आले. उंच टोकदार मनोरे, भिंतींना बाहेरून दिलेले आधारस्तंभ आणि वरच्या कडेचे किल्ल्यासारखे कंगोरे यांमुळे ही वास्तू गॉथिक शैलीची वाटते, मात्र कोणत्याही एका युरोपीय नमुन्याची ती नक्कल नाही. मनोऱ्यांवर क्रूस नाही, हेही पाहणाऱ्याच्या लवकर लक्षात येते, कारण या पंथाच्या वास्तूंवर क्रूस लावण्याची प्रथा नाही.

१८५७ मध्ये राष्ट्राध्यक्ष ब्यूकॅनन यांनी यूटाकडे फौज रवाना केली. मॉर्मन नेतृत्व संघराज्याची सत्ता जुमानत नाही, असा वॉशिंग्टनचा समज झाला होता. फौज येत असल्याचे कळताच यंग यांनी मंदिराचा पाया मातीने बुजवून घेतला, जेणेकरून ती जागा नांगरलेल्या शेतासारखी दिसावी. शहर रिकामे करून हजारो लोक दक्षिणेकडे गेले आणि वेळ पडल्यास घरे पेटवून देण्याची तयारीही झाली होती. अखेर तडजोड झाली आणि १८५८ च्या जूनमध्ये सैन्य ओस पडलेल्या शहरातून शांतपणे पुढे निघून गेले. मात्र पुढे पाया उघडला तेव्हा त्यातील वालुकाश्माच्या रचनेला तडे गेल्याचे आढळले. हे मंदिर युगानुयुगे टिकले पाहिजे, अशी यंग यांची अपेक्षा होती. त्यामुळे वर्षानुवर्षांचे श्रम वाया जात असतानाही सदोष भाग काढून पाया पुन्हा घालण्याचा निर्णय त्यांनी घेतला. माझ्या मते संपूर्ण बांधकामातला हा सर्वांत कठीण आणि सर्वांत योग्य निर्णय होता.

वरच्या भिंतींसाठी कच्च्या विटांपासून वालुकाश्मापर्यंत अनेक पर्यायांची चर्चा झाली आणि शेवटी शहराच्या आग्नेयेस सुमारे २० मैलांवरच्या लिटल कॉटनवुड दरीतील दगड निवडण्यात आला. त्याला सर्रास ग्रॅनाइट म्हणतात, पण भूशास्त्राच्या दृष्टीने तो क्वार्ट्झ मोन्झोनाइट आहे. कड्यांपासून सुटून दरीत पडलेल्या प्रचंड शिळांना हातांनी भोके पाडून आणि त्यांत पाचर ठोकून पाथरवट त्या फोडत असत. एकेक शिळा बैलांच्या गाड्यांवरून मंदिरापर्यंत आणायला तीन ते चार दिवस लागत. दगड पाण्यातून वाहून आणण्यासाठी कालवा खणण्याचाही प्रयत्न झाला, पण तो साधला नाही. अनुयायांनी उत्पन्नाचा दहावा भाग पंथाला द्यावा असा दंडक होता. ज्यांच्याकडे पैसा नव्हता ते दर दहा दिवसांतील एक दिवस श्रमदान करीत, आणि या श्रमांचा मोठा वाटा मंदिराच्या कामात पडला.

१८६९ मध्ये अमेरिकेच्या दोन किनाऱ्यांना जोडणारा लोहमार्ग यूटातच पूर्ण झाला. त्याच्या भरावाच्या कामाचे कंत्राट यंग यांनी घेतल्यामुळे मंदिरावरचे कामगार काही काळ तिकडे गेले आणि बांधकाम मंदावले; पण १८७३ पर्यंत खाणीच्या दिशेने रेल्वेचा फाटा आल्यावर दगडाच्या वाहतुकीचा प्रश्न मिटला. असे असूनही २९ ऑगस्ट १८७७ रोजी यंग यांचे निधन झाले तेव्हा भिंती जमिनीपासून जेमतेम २० फूट वर आल्या होत्या. दरम्यान सेंट जॉर्ज येथील मंदिर १८७७ मध्ये, लोगनचे १८८४ मध्ये आणि मँटायचे १८८८ मध्ये पूर्ण झाले. यूटात सर्वांत आधी सुरू झालेले मंदिर अशा प्रकारे चौथ्या क्रमांकाने पुरे झाले.

या काळात पंथाच्या अस्तित्वावरच संकट आले होते. बहुपत्नीत्वाची प्रथा पंथाने १८५२ मध्ये उघडपणे जाहीर केली होती आणि ती मोडून काढण्यासाठी अमेरिकी काँग्रेसने एकामागून एक कायदे केले. १८८७ च्या एडमंड्स-टकर कायद्याने चर्चची कायदेशीर संस्था विसर्जित करून तिची मालमत्ता जप्त करण्याची तरतूद केली; बांधकाम चालू असलेला मंदिराचा चौकच सरकारी ताब्यात गेला आणि चर्चला तो नाममात्र भाड्याने घ्यावा लागला. १८९० च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने जप्ती वैध ठरवली. त्याच वर्षी पंथाचे अध्यक्ष विल्फर्ड वुड्रफ यांनी नवे बहुपत्नीक विवाह थांबवण्याचे जाहीर केले. असे केले नसते तर मंदिरे हातची गेली असती आणि त्यांतील विधी बंद पडले असते, हे कारण त्यांनी पुढे अनुयायांना स्पष्टपणे सांगितले. प्रथा सोडण्यामागे इतरही दबाव होते, परंतु मंदिरे वाचवण्याची चिंता त्यांत अग्रभागी होती.

एंजेल १८८७ मध्ये निवर्तले आणि काही काळाने काम यंग यांचे पुत्र जोसेफ डॉन कार्लोस यंग यांच्याकडे आले. ते अभियांत्रिकीचे रीतसर शिक्षण घेतलेले होते. जुन्या मंदिरांप्रमाणे एकावर एक दोन मोठी सभागृहे असा मूळ आराखडा होता. तो बाजूला ठेवून त्यांनी क्रमाक्रमाने पुढे नेणाऱ्या दालनांची रचना केली. सृष्टीची उत्पत्ती, एदेनची बाग, पतनानंतरचे जग असे टप्पे ओलांडत भाविक शेवटी ‘सेलेस्टियल रूम’मध्ये, म्हणजे स्वर्गीय अवस्थेचे प्रतीक असलेल्या दालनात पोहोचतो. मोठे सभागृह फक्त सर्वांत वरच्या मजल्यावर राहिले. १८५३ मध्ये कोणाच्या स्वप्नातही नसलेले विजेचे दिवे आणि लिफ्ट आराखड्यात आले.

मॉर्मन मंदिर हे साप्ताहिक उपासनेचे ठिकाण नसते. रविवारची प्रार्थना साध्या सभागृहांत होते आणि मंदिरे त्या दिवशी बंद असतात. मृत्यूनंतरही टिकणारा मानला जाणारा विवाह, मृत पूर्वजांच्या वतीने घेतलेला बाप्तिस्मा असे विधी मंदिरात होतात आणि त्यासाठी शिफारसपत्र असलेल्या सदस्यांनाच प्रवेश मिळतो. हा प्रवेशही सर्व सदस्यांना सारखा नव्हता: कृष्णवर्णीय सदस्यांना हे बहुतेक विधी १९७८ पर्यंत नाकारले गेले होते.

आत जाता न येणाऱ्यांसाठी बाहेरच्या भिंतींवर मात्र वाचण्यासारखे पुष्कळ आहे. आधारस्तंभांच्या तळाशी पृथ्वीच्या आकृतीचे दगड आहेत, मध्यावर चंद्राच्या कला दाखवणारे आणि वर सूर्याचे. शिवाय तारे, ढगांतून येणारे किरण, हस्तांदोलन करणारे हात आणि सर्वसाक्षी डोळा कोरलेला आहे. पश्चिमेच्या मधल्या मनोऱ्यावर सप्तर्षी असून त्यांतील दोन तारे ध्रुवताऱ्याकडे निर्देश करतात. धर्माधिकाराच्या आधारे वाट चुकलेल्याला दिशा सापडते, असा अर्थ एंजेल यांनी दिला होता. पूर्वेकडील मनोरे पश्चिमेपेक्षा उंच आहेत, कारण ते पंथातील दोन धर्माधिकारांपैकी श्रेष्ठ अधिकाराचे प्रतीक आहेत. पूर्वेचा मधला मनोरा २१० फूट उंच असून त्यावर तुतारी फुंकणाऱ्या मोरोनाय या देवदूताचा साडेबारा फुटांचा, सोन्याचा वर्ख दिलेला तांब्याचा पुतळा बसवला गेला. शिल्पकार सायरस डॅलिन यूटात जन्मलेले असले तरी पंथाचे सदस्य नव्हते आणि आरंभी त्यांनी हे काम नाकारलेही होते.

६ एप्रिल १८९२ रोजी वुड्रफ यांनी विजेचे बटण दाबून शिखरशिला बसवली आणि जमलेल्या प्रचंड समुदायाने आतले काम एका वर्षात पुरे करण्याचा ठराव केला. भित्तिचित्रांची तयारी आधीच झाली होती: जॉन हेफन, लोरस प्रॅट आदी चित्रकारांना चर्चने १८९० मध्ये खर्च देऊन पॅरिसला शिकायला पाठवले होते. समर्पणाच्या आदल्या दिवशी, ५ एप्रिल १८९३ रोजी, पंथाबाहेरच्या निमंत्रितांना मंदिर आतून दाखवण्यात आले. तीन वर्षांनी, १८९६ मध्ये, यूटाला राज्याचा दर्जा मिळाला.

मंदिराचा पाया घातला जात होता त्याच सुमारास, १८५२ मध्ये, ह्यू फिंडले हे मॉर्मन प्रचारक मुंबईत उतरले होते आणि त्यांनी पुण्यातही प्रयत्न केले, पण फार थोडे लोक त्यांच्या मागे गेले. भारतातील पहिल्या मंदिराची घोषणा २०१८ मध्ये झाली, तीही बंगळूरूसाठी.

सॉल्ट लेकचे मंदिर भूकंपप्रवण भेगेजवळ असल्याने २०१९ च्या अखेरीस ते मोठ्या दुरुस्तीसाठी बंद करण्यात आले. त्यानंतर तीन महिन्यांच्या आतच, १८ मार्च २०२० रोजी, ५.७ तीव्रतेचा भूकंप होऊन मोरोनायच्या हातातली तुतारी खाली पडली. जुन्या पायाखाली आणि भोवती नवा काँक्रीटचा पाया घालून संपूर्ण इमारत ९८ भूकंपरोधक आधारांवर तोलून धरणे हे या कामाचे मुख्य अंग आहे. जमीन हलली तरी तिचा धक्का वरच्या दगडी भिंतींपर्यंत कमी पोहोचावा, हा त्यामागचा हेतू. अभियांत्रिकीच्या दृष्टीने हे काम कौतुकास्पदच आहे. याच दुरुस्तीत दालनांची रचना बदलून विधी चित्रफितीच्या आधारे करण्याचे ठरले आणि २०२१ मध्ये भित्तिचित्रे काढून टाकण्याचा निर्णय जाहीर झाला. ओलावा आणि आधीच्या दुरुस्त्यांमुळे ती जीर्ण झाली होती, असे चर्चचे म्हणणे आहे. तरीही ती गेली ही मोठी हानी आहे, कारण एका सीमावर्ती समाजाने आपले चित्रकार पॅरिसला पाठवून मिळवलेले हे काम पुन्हा कोणाला करता येणार नाही. समर्पणापूर्वी २०२७ च्या एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत मंदिर सर्वांना पाहण्यासाठी खुले ठेवण्याचे चर्चने जाहीर केले आहे.