‘कोसला’च्या मागचं गद्य

‘कोसला’ पहिल्यांदा हातात घेणारा वाचक सुरुवातीच्या पानांतच अडखळतो. पांडुरंग सांगवीकर खानदेशातल्या खेड्यातून पुण्याला शिकायला येतो, कथानक म्हणावं तर एवढंच. मध्येच डायरी, मध्येच बखरीचा थाट, आणि जिथे तिथे ‘उदाहरणार्थ’ नि ‘वगैरे’. १९६३ साली कादंबरी आली तेव्हा भालचंद्र नेमाडे जेमतेम पंचविशीचे. पोरवयातला वात्रटपणा म्हणून ती बाजूला ठेवणं सोपं होतं.

पण या कादंबरीनं मोडलेली गद्याची घडी होती तरी कुठली? छापील मराठी गद्याला वळण लागलं ते एकोणिसाव्या शतकातल्या क्रमिक पुस्तकांतून. ती मेजर कँडी हे ब्रिटिश अधिकारी तपासत. विरामचिन्हंही त्याच काळात रुळली. बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ (१८५७) याच घडणीच्या काळातली. पुढे फडके-खांडेकरांनी कादंबरी घोटीव केली. ‘बनगरवाडी’ (१९५५) आणि ‘फकिरा’ (१९५९) यांतून खेडं आत आलं खरं, पण बोली बहुतांशी संवादांपुरती. निवेदन प्रमाण मराठीतच राहिलं.

नेमाड्यांचं गद्य वाचताना याच्या फार मागचं काहीतरी ऐकू येतं. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी ‘लीळाचरित्रा’त महानुभाव पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी यांच्या आठवणी जमवल्या. छोट्या छोट्या लीळा: कोण आलं, कुठे बसलं, काय बोललं, की संपलं. अर्थ सांगायला लेखक मध्ये येत नाही. मराठीत लिहिणंही महानुभावांनी जाणूनबुजून निवडलेलं. संस्कृताकडे वळणाऱ्या केशोबासांना पंथाचे आचार्य नागदेव यांनी थांबवलं, कारण त्यानं पंथातल्या संस्कृत न कळणाऱ्या म्हाताऱ्या नागवल्या गेल्या असत्या, ज्ञानाला मुकल्या असत्या. पुढे पंथाचे ग्रंथ सांकेतिक लिपीत बंद झाले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इतिहाससंशोधक वि. का. राजवाड्यांनी ती लिपी उलगडेपर्यंत छापील मराठीच्या जडणघडणीत या गद्याला जागाच मिळाली नव्हती.

‘कोसला’तलं मनीच्या, धाकट्या बहिणीच्या, मृत्यूचं प्रकरण मोठ्यानं वाचून पाहावं. शोक कुठेही सजवलेला नाही, तो नुसता बोलला जातो. डोळ्यांना जे विस्कळीत वाटतं ते कानाला अजिबात खटकत नाही.

दोन वर्षांनी भाऊ पाध्यांची ‘वासूनाका’ आली. आचार्य अत्र्यांनी तिच्यावर कडाडून टीका केली, आणि आजही तिच्याबद्दल बोलताना आधी तिचा शिवराळपणाच आठवतो. त्याहून धीट गोष्ट म्हणजे गोष्ट सांगणारा पोक्या स्वतःच त्या नाक्यावरच्या टोळक्यातला आहे. त्याच्या आडून समजावून सांगणारा सुशिक्षित निवेदक तिथे नाही.